जुन्या बँक-जाहिराती आणि 'पुढे काय झालं?' : प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५

वाचनालयाच्या कार्यकारिणीनं दिवाळीतल्या प्रदर्शनाला मंजुरी दिली. विषय 'जुन्या जाहिराती' एवढाच ठरला होता. साबण, चहा, केशतेल, बिस्किटं यांच्या जाहिराती आता सगळीकडे बघायला मिळतात. म्हणून फक्त बँका, विमा आणि अल्पबचत एवढंच घ्यावं असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं. कालमर्यादा १९९५ पर्यंत. साहित्य आपल्याच दिवाळी अंकांतून आणि मासिकांतून काढायचं, बाहेरून काही मागवायचं नाही.

हा विषय डोक्यात आला तो फेब्रुवारीत. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले, तिजोरीतले १२२ कोटी रुपये लंपास झाल्याचं बाहेर आलं, आणि मुंबईतल्या शाखांसमोरच्या रांगा पुन्हा टीव्हीवर दिसल्या. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या दारात दिसल्या होत्या, तशाच. तेव्हापासून सांगलीत कुठंही चार माणसं बसली की विषय एकच: पैसे ठेवायचे कुठं? आणि हीच माणसं, कुणी एलआयसीचं ते ज्योतीला जपणाऱ्या दोन हातांचं जुनं चित्र मोबाईलवर पाठवलं की हळवी होतात. माझंही तसंच होतं. बँकेवरचा भरवसा उडालेला असताना बँकेच्या जुन्या जाहिरातीवर इतका जीव का जडतो, हे मला या कामातून समजून घ्यायचं आहे.

१४ जून

माळ्यावरचे गठ्ठे खाली उतरवले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तळमजल्यावरचं बरंच गेलं. जे वर नेता आलं ते वाचलं, पण त्यातलेही काही गठ्ठे ओले झालेच होते.

नुकसान सगळ्या कागदांचं सारखं झालेलं नाही. आर्ट पेपरवर गुळगुळीतपणासाठी मातीचा लेप असतो. तो भिजला की सुटतो आणि वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. त्यामुळे अंकांतली चकचकीत रंगीत पानं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या महागड्या जाहिराती, विटेसारख्या घट्ट होऊन बसल्या आहेत. पाती घालून सोडवायला गेलं की चित्राचा अर्धा भाग समोरच्या पानावर राहतो. आतला साधा कागद मात्र पिवळा पडला, कडा कुरतडल्या गेल्या, पण सुटा आहे. आणि या साध्या कागदावरच गावोगावच्या लहान बँका जाहिराती देत. पाव पान, अर्धं पान, एका शाईत.

म्हणजे आपलं प्रदर्शन मोठ्यांपेक्षा धाकट्या बँकांचं होणार. मला ते आवडलं. सांगली, मिरज, कुरुंदवाड, कराड, सातारा, कोल्हापूर, एवढ्या टापूत किती बँका निघाल्या होत्या, हे एकेक अंक उघडताना दिसतंय. किर्लोस्करवाडीच्या मासिकांच्या जुन्या बांधणीतही काही सापडल्या.

२१ जून

एकच जाहिरात घेऊन बसले. यादीतला क्रमांक ब-७. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीचा अंक असावा, मुखपृष्ठ गेलं आहे.

अर्धं पान. भोवती वेलबुट्टीच्या खिळ्यांची चौकट. वरच्या उजव्या कोपऱ्यात खिळे नीट जुळलेले नाहीत, बारीक फट राहिली आहे. मधोमध बँकेचं नाव जाड टाइपात, खाली स्थापनेचं साल. मग एकाखाली एक तीन ओळी: अधिकृत भांडवल रु. १०,००,०००. विक्री झालेलं भांडवल रु. ५,००,०००. वसूल भांडवल रु. २,५०,०००. तिन्ही ओळींचा टाइप एकाच जाडीचा, एकाच उंचीचा. त्याखाली राखीव निधी, शाखांची नावं, चालू आणि बचत खात्यांचे व्याजदर. तळाशी चेअरमन आणि मॅनेजर यांची पूर्ण नावं, टेलिफोन नंबर दोन आकडी, तारेचा पत्ता. चित्र नाही, घोषवाक्य नाही, हसरं कुटुंब नाही.

या तीन ओळींवर मी बराच वेळ थांबले. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त किती भांडवल उभारायची मुभा आहे तो आकडा. तो कागदावर कितीही मोठा धरता येतो. विक्री झालेलं भांडवल म्हणजे त्यापैकी जेवढे भाग लोकांनी घ्यायचं कबूल केलं तेवढं. वसूल भांडवल म्हणजे भागधारकांनी खरोखर आणून भरलेले पैसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीच्या लाटेत कितीतरी बँका निघाल्या आणि पहिला आकडा मिरवून दुसरा-तिसरा झाकायचा ही चाल रूढ झाली. १९१३ साली लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक कोसळली. स्पेसी बँकेनं चांदीच्या सट्ट्यात ठेवीदारांचा पैसा घातला होता. त्यांच्यामागून आणखी कितीतरी बँका बसल्या. पुढे कंपनी कायद्यानं दंडकच घातला की जाहिरातीत अधिकृत भांडवल छापायचं असेल तर विक्री झालेलं आणि वसूल भांडवलही तितक्याच ठळकपणे छापलं पाहिजे. १९५६ च्या कायद्यात हे कलम १४८. आणि १९४९ च्या बँकिंग कायद्यानं आणखी एक मेख मारली: विक्री झालेलं भांडवल अधिकृत भांडवलाच्या निम्म्याहून कमी नको, आणि वसूल भांडवल विक्री झालेल्याच्या निम्म्याहून कमी नको.

ब-७ चे आकडे पुन्हा पाहावेत. दहा, पाच, अडीच. बँक बरोबर त्या काठावर उभी आहे.

जुन्या जाहिरातींतला जो साधेपणा मला इतका भावतो, त्याच्या मागे बुडालेल्या ठेवीदारांचे तळतळाट आणि त्यातून आलेला कायदा आहे. हे कळल्यावर माझं प्रेम कमी झालं नाही. या अर्ध्या पानावर वाचकाला पडताळता येतील अशा दहा-बारा गोष्टी आहेत. सध्या रस्त्यावरच्या फलकांवर बँकांच्या जाहिराती बघते, त्यांत एकही सापडत नाही.

२८ जून

स्कॅनिंग सुरू. अक्षरांच्या जाहिराती सरळ निघतात. फोटो असलेल्या त्रास देतात, कारण जस्ताच्या हाफटोन ब्लॉकची, म्हणजे ठिपक्यांनी फोटो छापायच्या ठशाची, जाळी आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांत अडकून चित्रावर लाटा उमटतात. ६०० डीपीआयवर घेऊन नंतर लहान करायचं असं ठरवलं. कागदाचा पिवळेपणा काढायचा नाही. पाण्याचे डागही ठेवायचे. तेही या अंकांच्या वाट्याला आलेलं आहे.

६ जुलै

नाना आले होते. एका स्थानिक बँकेत रोखपाल म्हणून आख्खी नोकरी केली, ती बँक पुढे मोठ्या बँकेत विलीन झाली. सगळं वाचनालय त्यांना नानाच म्हणतं. ब-७ हातात घेतल्यावर त्यांनी आधी खालची नावं वाचली.

"हे मॅनेजर आमच्या आळीतलेच. संध्याकाळी आमराईत फिरायला जायचे. लोक तिथंच गाठायचे त्यांना. काय साहेब, यंदा लाभांश किती? अमक्याला एवढं कर्ज दिलंत, तो फेडणार का? साहेबांना उत्तर द्यावंच लागायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच फिरायचं असायचं ना."

मी विचारलं, मग त्या काळी बँका बुडायच्या कशा?

नाना जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याच आमराईत. ओळखीचा माणूस येतो, तारण अपुरं असतं, पण नाही म्हणवत नाही. संचालकाचा व्याही असतो. कर्ज तिथंच तोंडी ठरतं आणि सकाळी कागद तयार होतो. हे मी बघितलंय."

हे दोन्ही एकाच माणसानं, एकाच दमात सांगितलं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. गावातल्या बँकेची जवळीक ठेवीदाराच्या कामी यायची आणि कर्जबुडव्याच्याही. जाहिरातीतलं ते नाव आणि तो दोन आकडी फोन पाहून आपलं मन ओलं होतं, कारण तिथं विचारायला कुणीतरी होतं. पण विचारायला जाणारे सगळेच आपल्यासारखे नव्हते.

१२ जुलै

आज खरं काम झालं. सापडलेल्या बँकांपैकी ज्यांची पुढची हकिकत पक्की माहीत आहे, त्यांची यादी केली.

मिरज स्टेट बँक, स्थापना १९२९. १९८५ मध्ये युनियन बँक ऑफ इंडियात विलीन. बेळगाव बँक तर त्याआधीच त्याच बँकेत गेली होती. कुरुंदवाडची गणेश बँक, १९२० ची. २००६ च्या जानेवारीत तिच्यावर व्यवहारबंदी आली, त्याच वर्षी ती फेडरल बँकेत गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, १९३६ ची. तीही २००६ मध्येच व्यवहारबंदीनंतर आयडीबीआयमध्ये गेली. सांगली बँक, १९१६ ची, २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत. कोल्हापूरची रत्नाकर बँक, १९४३ ची, तेवढी टिकली, आणि आता आरबीएल या नावानं देशभर आहे.

आणि बँक ऑफ कराड. हिची हकिकत वेगळी आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात हर्षद मेहताच्या व्यवहारांसाठी हातात रोखे नसतानाच 'बँक रिसीट' देणाऱ्या ज्या बँका निघाल्या, त्यांत मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह आणि आपली ही कराडची होती. बँक रिसीट म्हणजे 'रोखे आमच्याकडे आहेत, देतो' असं लिहून दिलेली चिठ्ठी. ती हातोहात फिरायची आणि तिच्यावर दुसऱ्या बँका कोट्यवधी रुपये द्यायच्या. घोटाळा फुटला आणि त्याच वर्षी बँक ऑफ कराड अवसायनात निघाली, म्हणजे बंद करून तिची देणी भागवायला काढली. १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियानं तिचा व्यवसाय घेतला. कृष्णा-कोयनेच्या काठावरच्या शेतकऱ्या-व्यापाऱ्यांची बँक दलाल स्ट्रीटवरच्या चिठ्ठ्यांत संपली, याचा मला आजही संताप येतो.

यादी नानांना दाखवली आणि सांगितलं की प्रत्येक जाहिरातीखाली एक पट्टी लावायची आहे: 'पुढे काय झालं?'

नानांना हे अजिबात पटलं नाही. "अगं, लोक दिवाळीत चार घटका आनंदानं जुनं बघायला येणार. त्यांच्या तोंडावर कशाला मारायचं हे? आणि माझ्या बँकेखाली तू काय लिहिणार, बुडाली? एकाही ठेवीदाराचा एक पैसा बुडाला नाही. विलीन झाली. आम्ही कर्मचारी रडलो, ते वेगळं."

त्यांचं शेवटचं म्हणणं खरं आहे आणि पट्टीत ते यायलाच हवं. विलीनीकरणात ठेवी पूर्ण सुरक्षित राहिल्या. अवसायनात तशी खात्री नसते. प्रत्येक पट्टीवर बँकेचं काय झालं आणि ठेवीदाराचं काय झालं, हे वेगवेगळं लिहायचं. पट्ट्या मात्र काढायच्या नाहीत. नुसत्या जाहिराती लावल्या तर प्रदर्शन बघून बाहेर पडणारा म्हणेल, पूर्वीच्या बँका कशा भरवशाच्या होत्या. ते खरं नाही, आणि पुढच्या वेळी कुणी गोड बोलून ठेव मागितली तर हाच समज त्याला नडेल.

१९ जुलै

बँक राष्ट्रीयीकरणाचा दिवस. १९६९ साली आजच्या तारखेला ५० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या १४ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या. १९८० मध्ये आणखी सहा.

आपल्या संग्रहात ही रेघ स्पष्ट दिसते. १९६९ नंतरच्या राष्ट्रीयीकृत बँकांच्या जाहिरातींतून भांडवलाच्या ओळी नाहीशा होतात आणि माणसं येतात. विहिरीवर बसवलेला पंप, शिलाई मशीनवर वाकलेली बाई, रिक्षाजवळ उभा तरुण. आकडे गेले कारण मालकच सरकार, आता वसूल भांडवल कोण विचारणार? पण ही चित्रं खोटी म्हणून उडवून लावायला मी तयार नाही. ज्या घरात पूर्वी बँकेची पायरी कुणी चढलं नव्हतं, तिथं कर्ज पोचलं, खेड्यात शाखा निघाल्या. आमच्याच घरी पहिली शिलाई मशीन बँकेच्या कर्जावर आली.

बँक ऑफ महाराष्ट्र या सगळ्यात एकटीच दोन्ही बाजूंना आहे. १९३५ मध्ये पुण्यात नोंदलेली, १९३६ मध्ये कामाला लागलेली, सुरुवातीचं अधिकृत भांडवल दहा लाख. १९६९ च्या चौदा बँकांत तीही होती. तिची दीपमाळ आमच्या संग्रहात बऱ्याच पानांवर आहे. देवळासमोरची दीपमाळ बोधचिन्ह म्हणून घेणं हे फार नेमकं सुचलेलं आहे. बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

एलआयसीच्या ज्योतीचंही तेच. सोबत 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे गीतेतलं वचन, 'तुमच्या योगक्षेमाचा भार मी वाहतो'. १ सप्टेंबर १९५६ ला २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून महामंडळ झालं. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया लाइफही त्यांतलीच. काही खासगी विमा कंपन्यांचे मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्या धंद्यात वळवत होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. आणि नव्या महामंडळाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच मुंध्रा प्रकरण उपटलं. हरिदास मुंध्रांच्या सहा कंपन्यांत महामंडळाचे सव्वा कोटी रुपये घातले गेले होते. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न उचलला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड सुनावणी घेतली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं. सव्वा कोटींच्या गैरव्यवहारावर अर्थमंत्री जातो आणि चौकशी लोकांसमोर होते. ज्योतीच्या चित्रापेक्षा मला या गोष्टीची जास्त आठवण येते. या पट्टीत हे सविस्तर घालणार.

२४ जुलै

अल्पबचतीचे फलक आणि पाठकव्हरं. किसान विकासपत्र, १९८८: पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट. २०२५ मध्ये त्यालाच ११५ महिने लागतात. हे वाचून प्रत्येकजण हळहळणार, म्हणून त्या काळची महागाईही किती चढी होती, ते शेजारी लिहायचं.

पिग्मीची जाहिरात एकच मिळाली. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायची पद्धत सुरू केली आणि 'पिग्मी' हे नाव आपल्याकडे असं रुळलं, की कुठल्याही बँकेचा माणूस आला तरी पिग्मीवालाच. पानपट्टीवाल्याला, भाजीवालीला जाहिरातीची गरजच नव्हती, तो माणूस रोज यायचा. म्हणून छापील फार सापडत नसावं.

३० जुलै

आत्याकडे गेले होते. तिची हकिकत या कामात सुरुवातीपासून पाठीशी आहे, एकदा लिहून ठेवते.

तिच्या यजमानांच्या निवृत्तीचे पैसे तिनं एका सहकारी बँकेत ठेवले होते. बँकेवर निर्बंध आले. ठेव विम्याचे, म्हणजे बँक अडचणीत आल्यावर ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याचे, पाच लाख मिळाले, वरचे अडकले. स्वयंपाकघरात तिनं त्या बँकेचं जुनं कॅलेंडर अजून ठेवलंय. वर संचालक मंडळाचे फोटो, एकेकाखाली नाव. त्यांतले दोघं तिला लग्नकार्यात भेटतात. नमस्कार करून पुढे सरकतात. "नावं माहीत असून काय उपयोग झाला गं?" असं ती मला विचारते, आणि नानांच्या आमराईबद्दल मी जे लिहिलं, ते तिच्यासमोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विम्याचे ते पाच लाख घेऊन ती एका मोठ्या, नावाजलेल्या बँकेत मुदत ठेव करायला गेली. तिथल्या मुलानं चहा मागवला, सह्या घेतल्या. घरी आल्यावर कागद वाचला तर मुदत ठेव नव्हतीच, दरवर्षी हप्ता भरायचा विमा होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईला. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, ती सवलत होती म्हणून सुटलो. अर्ज मी लिहिला. त्या शाखेच्या दारावर हसऱ्या आजी-आजोबांचा भलामोठा फोटो आहे. आत नेमकं काय विकतात, त्याचा एक शब्दही त्यावर नाही.

तिच्या फोनवर रोज एक तरी निरोप असतो: अभिनंदन, आपलं कर्ज पूर्वमंजूर झालं आहे. कुणी मागितलं होतं?

७ ऑगस्ट

न्यू इंडिया बँक या आठवड्यात सारस्वत बँकेत विलीन झाली. १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगारांसाठी काढलेली बँक. १९१८ च्या सारस्वत बँकेनं तिला पोटात घेतलं, म्हणून ठेवीदार वाचले. पीएमसीच्या ठेवीदारांना इतक्या लवकर सुटका मिळाली नव्हती. त्यांना सुरुवातीला खात्यातून काढायला फक्त १,००० रुपये मिळत होते, आणि ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत जायला २०२२ चा जानेवारी उजाडला. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार तर २०१३ पासून ताटकळले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला.

ठेव विम्यासाठी एक वेगळा फलक करायचा ठरवलं. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून विमा लागू, मर्यादा १,५०० रुपये. मग १९६८ मध्ये ५,०००, १९७० मध्ये १०,०००, १९७६ मध्ये २०,०००, १९८० मध्ये ३०,०००. बँक ऑफ कराड अवसायनात निघाली तेव्हा हीच मर्यादा होती. एक लाख झाली १९९३ मध्ये, आणि मग २०२० पर्यंत तिला कुणी हात लावला नाही. सत्तावीस वर्षं! पीएमसीच्या रांगांनंतर ४ फेब्रुवारी २०२० ला पाच लाख झाली. निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, ही तरतूद २०२१ ची.

विम्याचा कायदा आणि त्यातली शेवटची वाढ, दोन्ही कुणाच्या तरी नुकसानीनंतर आली आहेत. माझ्या संग्रहातल्या एकाही जाहिरातीत ठेव विम्याचा उल्लेख नाही, तो लागू असलेल्या काळातल्याही नाही. जाहिरात 'आम्ही बुडालो तर' हे वाक्य कधीच लिहीत नाही.

१८ ऑगस्ट

कार्यकारिणीची बैठक. पट्ट्यांवर बरीच चर्चा झाली. नाना मुद्दाम आले आणि त्यांनीच सांगितलं की पट्ट्या राहू द्या, पण ठेवीदारांना पैसे मिळाले असतील तिथं ती ओळ पहिली छापा. मान्य.

अडलं ते पतसंस्थांवर. ऐंशी-नव्वदच्या अंकांत त्यांच्या जाहिराती खचाखच आहेत: दामदुप्पट ठेव, लखपती ठेव, खेळतं भांडवल, लाभांश १५ टक्के, सतत ऑडिट वर्ग 'अ'. रचना अगदी जुन्या बँकांसारखीच, तळाशी अध्यक्ष-उपाध्यक्ष-सचिव. ओझरतं पाहणाऱ्याला बँक आणि पतसंस्था यांत काहीच फरक कळणार नाही. आणि फरक मोठा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही, एक रुपयाचंही नाही. जळगावची बीएचआर पतसंस्था असो की बीडची ज्ञानराधा, ठेवीदारांना हे कळलं ते मोर्चा काढायची वेळ आल्यावर.

एका सदस्यांनी लक्षात आणून दिलं की प्रदर्शनाच्या खर्चाला मदत देऊ करणारी एक संस्था पतसंस्थाच आहे. असा फलक लावला तर ती नाराज होईल. मी म्हटलं, संस्था नीट चालली असेल तर नाराज व्हायचं कारण नाही. मजकूर आधी त्यांना दाखवावा असं ठरलं.

२ सप्टेंबर

पट्ट्यांचा मसुदा पूर्ण. दोन इथं उतरवून ठेवते.

मिरज स्टेट बँक: "ठेवीदारांच्या ठेवी युनियन बँक ऑफ इंडियाकडे वर्ग झाल्या. बँक १९८५ मध्ये विलीन झाली. स्थापना १९२९."

बँक ऑफ कराड: "१९९२ मध्ये रोखे घोटाळ्यात अडकून अवसायनात. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा ३०,००० रुपये. १९९४ मध्ये व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे."

ब-७ ची पट्टी कोरी ठेवली होती. त्यासाठी नानांनी एक सूचना केली आणि ती मी लगेच उचलली: या जाहिरातीखाली हकिकत लिहायची नाही, तीन भांडवलांचा अर्थ लिहायचा आणि शेजारी एक कोरा तक्ता टांगायचा. बघणाऱ्यानं आपल्या स्वतःच्या बँकेबद्दल तो भरायचा प्रयत्न करावा. अध्यक्ष कोण, मॅनेजर कोण, ठेवी किती, थकीत कर्जं किती, आपल्या ठेवीला विमा आहे का. आत्यावर तो तक्ता करून पाहिला. मॅनेजरचं नाव तिला सांगता आलं नाही, दर वर्षी बदलतात म्हणाली. थकीत कर्जाचा आकडा बँकेच्या वार्षिक अहवालात असतो, हे मी तिला दाखवलं. तिनं चष्मा लावून तो स्वतः शोधला आणि लिहिला.

११ सप्टेंबर

पतसंस्थेचे अध्यक्ष स्वतः वाचनालयात आले. मजकूर दोनदा वाचला. ठेव विमा नाही ही ओळ बारीक अक्षरात घेता येईल का, असं विचारलं. मी त्यांना ब-७ दाखवली आणि तीन ओळी एकाच जाडीच्या का आहेत ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मदतीबद्दल संचालक मंडळात विचारून कळवतो म्हणाले.

ओळ जाड टाइपातच ठेवली आहे. आज सगळे फलक छपाईला गेले, प्रूफ सोमवारी येईल. मदत आली नाही तर लाकडी चौकटींऐवजी जाड पुठ्ठ्यावर चिकटवू. ग्रंथपाल बाईंनी पुठ्ठ्याचा दर काढून ठेवला आहे.